यंत्राला माणसाची भाषा शिकविणाऱ्या ग्रेस हॉपर

माळशिरस - अकलूज, नातेपुते, वेळापूर या भागातील अनेक घरांतून आज एखादा तरी मुलगा किंवा मुलगी पुण्याला हिंजवडीत नाहीतर बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला असते. पगार किती, हे गावाला साधारण ठाऊक असते. काम नेमके काय, हे मात्र आईवडिलांनाही सांगता येत नाही. कॉम्प्युटरवर असतो, एवढ्यावर विषय संपतो. उसाच्या फडात राबणाऱ्याचे श्रम डोळ्यांना दिसतात. थंडगार खोलीत खुर्चीवर बसून थकलेल्या माणसाचे दिसत नाहीत. एका चुकलेल्या चिन्हापायी रात्री दोन वाजता अडून राहिलेले काम, पाच वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेल्या आणि आता कोणालाच उलगडत नसलेल्या आज्ञा, ग्राहकाचे दर आठवड्याला बदलणारे म्हणणे, जे होणे शक्य आहे ते शक्य नाही असे ठामपणे सांगणारे वरिष्ठ हे या व्यवसायाचे रोजचे भोग. ते आजचे नाहीत. संगणकाचे वजन टनांत मोजले जात होते, तेव्हापासूनचे आहेत. ते सर्वप्रथम ज्या मोजक्या मंडळींच्या वाट्याला आले, त्यांत ग्रेस हॉपर या गणिताच्या एक प्राध्यापिका होत्या.

न्यूयॉर्कमध्ये ९ डिसेंबर १९०६ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव मरे. वडील विमा व्यवसायात होते, आईला गणिताची विलक्षण गोडी होती. पणजोबा अमेरिकी नौदलात रिअर ॲडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेले. सात वर्षांची असताना या मुलीने गजर कसा वाजतो हे पाहण्यासाठी एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जुळेना, म्हणून कसे जुळते हे पाहायला दुसरे उघडले. असे करता करता घरातील सातही गजराची घड्याळे मोकळी झाली! आईने शिक्षा केली नाही. यापुढे एकच घड्याळ उघडायचे, एवढी अट घातली. व्हॅसर कॉलेजने लॅटिनमधील कमी गुणांमुळे पहिल्या खेपेस प्रवेश नाकारला, वर्षभराने दिला. तेथून १९२८ मध्ये पदवी, येल विद्यापीठातून १९३० मध्ये एम.ए. आणि १९३४ मध्ये गणितात पीएच.डी. दरम्यान व्हॅसरमध्येच अध्यापन सुरू झाले होते. विन्सेंट हॉपर यांच्याशी १९३० मध्ये झालेला विवाह १९४५ मध्ये संपुष्टात आला. मूलबाळ नव्हते. आडनाव तेवढे कायम राहिले.

पर्ल हार्बरवर डिसेंबर १९४१ मध्ये हल्ला झाला नसता, तर कदाचित त्या व्हॅसरमध्येच सुखाने निवृत्त झाल्या असत्या. युद्ध सुरू झाले आणि बाईंनी नौदलाचा ध्यास घेतला. वय ३६ च्या पुढे, आणि वजन किमान मर्यादेपेक्षा १५ पौंडांनी कमी. शिवाय गणिताचे प्राध्यापक देशाला अध्यापनातच हवे होते. सगळ्या हरकतींवर मात करून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या आणि जुलै १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाल्या. जहाजावर जाण्याची हौस तेथेच संपली.

हार्वर्डमध्ये प्रा. हॉवर्ड एकन यांच्या देखरेखीखाली मार्क-१ हे गणनयंत्र चालत होते. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. सेकंदाला तीन बेरजा हा त्याचा वेग. गुणाकाराला सुमारे सहा सेकंद लागत. तोफांच्या माऱ्याची कोष्टके, नौदलाची गणिते आणि पुढे अणुबाँबसंबंधीची काही आकडेमोड या यंत्रावर झाली. या यंत्राला कळफलक नव्हता, पडदाही नव्हता. यंत्राने करावयाची प्रत्येक क्रिया कागदी फितीवर छिद्रे पाडून सांगावी लागे. एक छिद्र चुकीच्या जागी पडले, की उत्तर चुकले. आणि उत्तर चुकले आहे हे उघडकीस येईपर्यंत कित्येक तास गेलेले असत. यंत्र रात्रंदिवस चालू ठेवायचे असे. त्यामुळे माणसांच्या झोपेची वेळ यंत्रच ठरवी. आजच्या पाळ्यांच्या, मध्यरात्रीच्या फोनच्या नोकरीचे मूळ शोधायचे तर ते या खोलीत सापडते.

आणखी एक गोष्ट तेथेच सुरू झाली. आज कोणत्याही कंपनीत आज्ञावली लिहिणाऱ्याला तिची माहितीपुस्तिका लिहावयास सांगितले, की त्याचा चेहरा उतरतो. एकन यांनी हॉपर यांना मार्क-१ चे पुस्तक लिहावयास सांगितले, तेव्हा त्यांचाही उतरला होता. आपल्याला लिहिता येत नाही, ही त्यांची सबब; आपण आता नौदलात आहात, हे एकन यांचे उत्तर. मग रोज पाच पाने लिहायची आणि ती एकन यांना वाचून दाखवायची, असा क्रम सुरू झाला. पाचशेहून अधिक पानांचे ते पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्र कसे चालवावे हे इतक्या तपशिलाने सांगणारे त्यापूर्वीचे पुस्तक शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही.

पतंगाची गोष्ट येथे सांगणे भाग आहे, कारण हॉपर यांचे नाव निघाले की प्रथम तीच निघते. मार्क-२ या पुढच्या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी बिघाड झाला. शोध घेता एका रिलेत पतंग अडकून मेलेला आढळला. तो चिमट्याने काढून नोंदवहीत चिकटपट्टीने डकवण्यात आला आणि खरोखरीचा किडा प्रथमच सापडल्याची नोंद शेजारी झाली. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. आज्ञावलीतील दोषाला बग म्हणण्याची प्रथा या पतंगापासून पडली, असे सर्रास छापले जाते. ते खरे नाही. यंत्रातील दोषाला बग म्हणण्याचा प्रघात एडिसनच्या काळापासून होता. म्हणून तर त्या नोंदीत विनोद होता. पतंग हॉपर यांनी स्वतः पकडला असेही नाही. त्यांनी तो किस्सा आयुष्यभर इतका रंगवून सांगितला, की तो त्यांच्याच नावावर जमा झाला.

पतंग एकदाच सापडला. रोजचा शत्रू वेगळा होता. हार्वर्डमधील मंडळी एकदा लिहिलेल्या आणि तपासून पाहिलेल्या आज्ञांचे तुकडे वह्यांत उतरवून ठेवीत. वर्गमूळ हवे असेल तर शेजाऱ्याची वही मागायची आणि त्यातील तुकडा आपल्या कामात उतरवून घ्यायचा. उतरवताना आकडे चुकत. जागेचे क्रमांक बदलावे लागत, त्यांच्या बेरजेत चुका होत. उच्चशिक्षित गणिती साधी नक्कल आणि साधी बेरीज बिनचूक करू शकत नाहीत, हे हॉपर यांनी वर्षानुवर्षे पाहिले. नक्कल आणि बेरीज हे तर यंत्राचे काम. मग ते यंत्रालाच का देऊ नये? प्रश्न साधा होता. उत्तर कागदावर उतरावयास आणखी काही वर्षे लागली.

दरम्यान हार्वर्डने स्त्रियांना कायमची जागा देण्याची तयारी दाखविली नाही. व्हॅसरने प्राध्यापकपद देऊ केले होते. ते त्यांनीच नाकारले. त्या १९४९ मध्ये फिलाडेल्फियाला एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत गेल्या. ही कंपनी व्यापारी उपयोगासाठी युनिव्हॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधत होती आणि पैशांच्या ओढाताणीत सापडली होती. संगणक पुरा होईल की नाही याची शाश्वती नाही, वेतन किती दिवस मिळेल याची नाही, आणि काम मात्र बारा-चौदा तासांचे. पुण्यात नवी कंपनी काढणाऱ्या किंवा तीत नोकरी धरणाऱ्या तरुणांना हे वर्णन परके वाटू नये.

तेथील बिनॅक नावाच्या यंत्रावर काम करताना त्यांना अष्टमान पद्धतीत विचार करावा लागे. त्या पद्धतीत आठ आणि नऊ हे अंकच नसतात. सातानंतर एकदम दहा लिहितात. काही महिन्यांनी त्यांच्या बँकेच्या चेकबुकाचा मेळ बसेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने हिशेब तपासला, तेव्हा बाई घरचे वजाबाकीचे हिशेबही अष्टमानात करीत असल्याचे निघाले! हा किस्सा हसण्यावारी नेता येतो. पण दिवसभर यंत्रासारखा विचार करून घरी आलेल्या माणसाचे काय होते, हे त्यात दिसते. यंत्राने माणसाच्या पद्धतीने वागावे की माणसाने यंत्राच्या, हा पुढे त्यांच्या साऱ्या कामाचा प्रश्न झाला.

याच काळातील एक प्रकरण त्यांच्या गौरवपर चरित्रांतून बहुधा गाळले जाते. युद्धकाळातील ताण, मोडलेला संसार, पुढे काय याची अनिश्चिती यांत त्यांना मद्याचे व्यसन जडले होते. फिलाडेल्फियात नोव्हेंबर १९४९ मध्ये मद्यधुंद अवस्थेत पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. एडमंड बर्कली या हार्वर्डमधील जुन्या सहकाऱ्याने त्यांना पत्र लिहून त्यांच्या व्यसनाविषयी आणि वाया चाललेल्या बुद्धीविषयी परखडपणे कळविले आणि ते पत्र त्यांच्या निकटवर्तीयांनाही पाठविले. अशा वेळी माणसे सहसा गप्प राहतात. बर्कली राहिले नाहीत. हॉपर यातून सावरल्या आणि त्यांचे सर्वांत मोठे काम यानंतरचे आहे. सॉफ्टवेअर व्यवसायातील ताणतणावांवर आज परिसंवाद होतात, कंपन्या समुपदेशक नेमतात. त्या पहिल्या पिढीच्या हाताशी असले काही नव्हते.

एकर्ट-मॉकली कंपनी १९५० मध्ये रेमिंग्टन रँडने विकत घेतली. पहिला युनिव्हॅक १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याला मिळाला. त्याच वर्षी हॉपर यांनी वह्यांतील तुकड्यांचा तो जुना प्रश्न हाती घेतला. प्रत्येक तुकड्याला एक खूण दिली आणि सगळे तुकडे चुंबकीय फितीवर साठविले. आता आज्ञावली लिहिणाऱ्याने खुणा तेवढ्या क्रमाने लिहायच्या. तुकडे शोधणे, उतरविणे, जागांचे क्रमांक लावणे हे संगणकाने करायचे. ए-० नावाची ही आज्ञावली १९५२ पर्यंत सिद्ध झाली. तिला त्यांनी कंपायलर म्हटले; म्हणजे संकलन करणारा. आजचे कंपायलर याहून कितीतरी अधिक करतात. पण संगणकासाठी संगणकानेच आज्ञावली तयार करायची, ही कल्पना येथे प्रथम चालून दाखविली गेली.

आणि ती कोणालाही नको होती. संगणक अंकगणित करतो, तो आज्ञावली लिहू शकत नाही, हे त्यांना पुनःपुन्हा ऐकविण्यात आले. चालू स्थितीतील कंपायलर पुढ्यात असताना ऐकविण्यात आले. व्यवस्थापनाला त्यात खर्च दिसत होता. विरोध आणखी एका बाजूनेही होता. यंत्राची गुप्त लिपी जाणणारे थोडे लोक होते आणि ती थोड्यांपुरतीच राहण्यात त्यांचा मान होता. हॉपर यांनी वाद घालण्यापेक्षा आकडे मांडले: हाताने लिहिलेल्या कामाला किती दिवस लागले, कंपायलरने किती. पुढची आवृत्ती १९५३ मध्ये ग्राहकांना विनामूल्य दिली, आतील आज्ञांसकट दिली आणि सुधारणा कळवा म्हणून सांगितले. कंपनीने १९५४ मध्ये या कामासाठी स्वतंत्र विभाग काढून त्यांना प्रमुख केले.

त्यांचा पुढचा आग्रह व्यवस्थापनाला अधिकच वेडगळ वाटला. संगणक वापरणारे सगळे गणिती नसतात. कंपनीचा हिशेबनीस, गोदामाचा प्रमुख, पगारपत्रक करणारा कारकून यांना बीजगणिताची चिन्हे नकोत, नेहमीचे शब्द हवेत. आपल्याकडील साखर कारखान्याच्या ऊसबिलाचे उदाहरण घेता येईल. वजनाला दराने गुणा, त्यातून कपात वजा करा, उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यावर लिहा, हे कारखान्याच्या लेखापालाला पाठ असते. तेच वाक्य जसेच्या तसे लिहून संगणकाला देता आले तर? हॉपर यांनी इंग्रजी शब्दांवर चालणारा एक छोटा नमुना तयार करून दाखविला. मग तेच शब्द फ्रेंच आणि जर्मन घालून चालवून दाखविले. संगणकाला शब्दाचा अर्थ कळत नाही, कोणता शब्द आला की कोणती क्रिया करायची एवढेच सांगावे लागते. तेव्हा भाषा कोणतीही चालेल, हे त्यांना दाखवायचे होते. परिणाम उलटा झाला. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकी यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कसे कळेल, असे म्हणून साहेबलोक बिथरले! इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेचे नाव काढणार नाही, असे सांगून हॉपर यांना त्यांची समजूत घालावी लागली. मराठीत ऊसबिल लिहून घेणारा संगणक तेव्हाही तत्त्वतः अशक्य नव्हता, हे या प्रसंगाच्या निमित्ताने नोंदवून ठेवावेसे वाटते. असो. या प्रयत्नांतून फ्लो-मॅटिक ही भाषा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष वापरात आली.

प्रत्येक कंपनीच्या संगणकाची बोली वेगळी, ही नवी अडचण आता उभी राहिली. यंत्र बदलले की सगळ्या आज्ञावल्या पुन्हा लिहायच्या. सर्व यंत्रांवर चालेल अशी व्यापारी भाषा तयार करावी, ही मागणी १९५९ मध्ये बरोज कंपनीच्या मेरी हॉज यांनी पुढे रेटली आणि मे महिन्यात पेंटागॉनमध्ये बैठक झाली. त्यातून निघालेली भाषा म्हणजे कोबोल. हॉपर यांना कोबोलची आई म्हणतात. पण ती भाषा रचणाऱ्या छोट्या गटात त्या नव्हत्या. त्या सल्लागार होत्या. मात्र रचनेत फ्लो-मॅटिकचा अंश मोठा होता. भाषा जन्माला येण्यापूर्वीच मरणार, असे वाटून समितीतील एकाने वैतागाने खरोखरीचा एक थडग्याचा दगड कोबोलचे नाव कोरून अध्यक्षांकडे पाठविला होता. त्यानंतर वर्षभरातच, डिसेंबर १९६० मध्ये, एकच कोबोल आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला, ते वर्षही १९६०.

थडग्याचा दगड फुकट गेला. कोरोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, बेरोजगारांच्या अर्जांनी सरकारी संगणकांवर ताण आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले.

मराठी मुलखाशी या भाषेचा संबंध जुना आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिचे परदेशासाठीचे सुरुवातीचे एक काम १९७४ मधील. काम होते त्याच बरोज कंपनीचे: रुग्णालयाच्या कारभाराची आज्ञावली बरोजच्या एका जातीच्या संगणकांवरील कोबोलमधून दुसऱ्या जातीच्या कोबोलमध्ये उतरवायची. मुंबईत हाताशी यंत्र होते ते मात्र ब्रिटिश बनावटीचे आयसीएल-१९०३. म्हणजे जे यंत्र समोर नाही, त्याच्यासाठी मुंबईत बसून लिहायचे! भारतातील सॉफ्टवेअर निर्यातीचा पाया अशा कामांनी घातला गेला. आणि सर्व यंत्रांसाठी एक म्हणून निघालेल्या कोबोलच्याही पंधरा वर्षांत पोटभाषा झाल्या होत्या, हेही त्यातून दिसते.

या पोटभाषांपायीच हॉपर यांना नौदलाने पुन्हा बोलावले. वयामुळे १९६६ च्या अखेरीस त्यांना निवृत्त करण्यात आले होते. सातच महिन्यांनी, ऑगस्ट १९६७ मध्ये, नौदलातील कोबोल एकसारखे करण्यासाठी सहा महिन्यांची नेमणूक झाली. ती १९ वर्षे चालली. विक्रेत्याने दिलेला कंपायलर खरोखरच प्रमाण कोबोल समजतो की नाही, हे तपासणाऱ्या चाचण्या त्यांच्या गटाने तयार केल्या. हे काम रुक्ष होते आणि वर्तमानपत्रात येण्याजोगे नव्हते. पण जुळत नसलेल्या आवृत्त्यांशी ज्याने झुंज दिली आहे, त्याला त्याचे मोल कळेल. संगणक व्यवसायातील एका संघटनेने १९६९ मध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट पुरुष हा आपला सन्मान त्यांना दिला. पुरस्काराचे नाव बदलावे असे कोणाला सुचले नाही.

उतारवयात त्या देशभर व्याख्याने देत हिंडल्या. बरोबर तारेचे तुकडे असत, प्रत्येक सुमारे ३० सेंटिमीटर लांब. विजेला एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, फार तर एवढेच अंतर कापता येते, हे त्या ॲडमिरल मंडळींच्या हाती तार देऊन समजावीत. उपग्रहावरून संदेश यावयास वेळ का लागतो, हे मग वेगळे सांगावे लागत नसे. मायक्रोसेकंदासाठी जवळपास ३०० मीटर तारेचे भेंडोळे असे. वेळेची उधळपट्टी करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरच्या गळ्यात ते अडकवावे, अशी त्यांची सूचना होती. कार्यालयात उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ टांगलेले असे. आजवर असेच चालत आले आहे, या सबबीवर त्यांचा राग होता.

नौदलाने १९८३ मध्ये त्यांना कमोडोर केले. १९८५ मध्ये त्या पदाचे नाव रिअर ॲडमिरल झाले आणि पणती पणजोबांच्या हुद्द्यावर पोचली. बोस्टन बंदरातील यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर १४ ऑगस्ट १९८६ रोजी त्या निवृत्त झाल्या. वय ७९. तेव्हाच्या कार्यरत अधिकाऱ्यांत त्या सर्वांत वयोवृद्ध होत्या. त्यानंतरही घरी न बसता डिजिटल इक्विपमेंट कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या. आर्लिंग्टन येथे १ जानेवारी १९९२ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले.

३१ डिसेंबर १९९९ ची रात्र पाहण्याची त्यांची इच्छा होती, हे त्या अनेकदा बोलून दाखवीत. त्या रात्रीचा जल्लोष अनुभवायचा होता, आणि संगणकाला हे जमणार नाही म्हणणाऱ्यांना मागे वळून चार शब्द ऐकवायचे होते. ती इच्छा आठ वर्षांनी हुकली. जागा वाचविण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहिण्याची सवय छिद्रपत्रांच्या काळापासून पडली होती. कोबोलमध्ये लिहिलेल्या बँकांच्या, विमा कंपन्यांच्या कोट्यवधी ओळींत ती तशीच राहिली. २००० साल उजाडले की संगणक ते १९०० समजेल, या धास्तीने त्या ओळी एकेक करून तपासण्याचे काम निघाले आणि त्याचा मोठा हिस्सा भारताकडे आला. मुंबईच्या सीप्झमध्ये, पुण्यात, चेन्नईत हजारो तरुणांनी आपल्या जन्माआधी कोणीतरी लिहिलेल्या कोबोल ओळी वाचून काढल्या. त्यांतील कितीजणांना ग्रेस हॉपर हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे. जगभर नववर्षाचे फटाके उडत असताना त्या रात्री ही मंडळी कार्यालयात संगणकासमोर जागी होती. फोन वाजला तर उचलायला कोणीतरी हवे होते.